भयपट सूत्रधार

भयपट सूत्रधार म्हणजे दूरचित्रवाणीवर रात्री उशिरा दाखवल्या जाणाऱ्या भयपटाच्या आरंभी, शेवटी आणि मधल्या विश्रामांत पडद्यावर येऊन प्रेक्षकांशी बोलणारा, बहुधा एखाद्या भयावह किंवा विक्षिप्त पात्राच्या वेषातील निवेदक होय. इंग्रजीत त्यास 'हॉरर होस्ट' असे म्हणतात. ही प्रथा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९५० च्या दशकात रुजली. मायला नुर्मी यांची 'व्हॅम्पायरा' (१९५४) ही सर्वसाधारणपणे पहिली भयपट सूत्रधार मानली जाते. जॉन झॅकर्ली, अर्नी अँडरसन, रिच कोझ आणि कॅसँड्रा पीटरसन हे या परंपरेतील अन्य प्रसिद्ध कलावंत होत.

विस्मरणात गेलेल्या जुन्या भयपटांना नवा प्रेक्षकवर्ग मिळवून देण्यात या सूत्रधारांचा मोठा वाटा आहे. मात्र त्यांचे स्वतःचे कार्यक्रम बहुतांशी थेट प्रक्षेपित होत असल्याने आणि ते जपून न ठेवल्याने, ज्या चित्रपटांची ते ओळख करून देत ते चित्रपट टिकले, तर सूत्रधारांचे काम मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले.

संज्ञा आणि स्वरूप

संस्कृत नाटकातील सूत्रधार प्रयोगाच्या आरंभी येऊन नाटकाची व नाटककाराची ओळख करून देतो आणि नंतर रंगमंचावरून दूर होतो. भयपट सूत्रधाराचे काम एवढ्यावर संपत नाही. तो चित्रपटाच्या मध्ये वारंवार परततो, कथानकाची थट्टा करतो, प्रेक्षकांची पत्रे वाचतो, छोटी प्रहसने सादर करतो आणि काही वेळा चालू चित्रपटातच स्वतःचे दृश्य घुसवतो. भयानक आणि हास्य या दोन रसांचे मिश्रण हे या प्रकाराचे मुख्य लक्षण आहे.

या रचनेमागे व्यावहारिक कारण होते. १९३० च्या दशकातील अनेक भयपट लांबीने लहान होते. 'ड्रॅक्युला' (१९३१) सुमारे ७५ मिनिटांचा, तर 'द वुल्फ मॅन' (१९४१) सुमारे ७० मिनिटांचा आहे. दीड किंवा दोन तासांच्या वेळेत असा चित्रपट बसवताना जाहिराती देऊनही काही वेळ शिल्लक राहत असे. तो वेळ भरण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे केंद्रातीलच एखाद्या कर्मचाऱ्याला वेष चढवून कॅमेऱ्यासमोर उभे करणे. त्यामुळे हवामानाचे वृत्त देणारे, बातम्या वाचणारे किंवा जाहिरातींना आवाज देणारे अनेक जण शनिवारी रात्री शवपेटीतून बाहेर येऊ लागले. नेपथ्यासाठी पुठ्ठा, रंग आणि कोळ्याची कृत्रिम जाळी एवढे साहित्य पुरत असे.

पार्श्वभूमी

कथा सांगणारे भयप्रद पात्र ही कल्पना दूरचित्रवाणीच्या आधीची आहे. अमेरिकी नभोवाणीवरील 'द विचेस टेल' (१९३१) या मालिकेत ओल्ड नॅन्सी नावाची वृद्ध चेटकीण कथा सांगत असे. 'इनर सँक्टम' (१९४१) या मालिकेत रेमंड नावाचा निवेदक करकरणाऱ्या दाराच्या आवाजानंतर श्रोत्यांचे स्वागत करी. १९५० पासून ईसी कॉमिक्सच्या भयकथांतही 'क्रिप्ट कीपर' हे निवेदक पात्र आले. भीतीच्या उंबरठ्यावर उभे राहून विनोद करणारा यजमान श्रोत्यांना आणि वाचकांना अशा रीतीने आधीच परिचित होता.

व्हॅम्पायरा (१९५४–५५)

मायला नुर्मी (१९२२–२००८) या फिनिश वंशाच्या अमेरिकी अभिनेत्री होत्या. १९५३ मध्ये लॉस एंजेलिसमधील एका वेषभूषा नृत्यसमारंभात त्या व्यंगचित्रकार चार्ल्स ॲडम्स यांच्या चित्रांतील काळ्या पोशाखाच्या, फिकट चेहऱ्याच्या स्त्रीसारख्या सजून गेल्या. तेथे निर्माते हंट स्ट्रॉमबर्ग (धाकटे) यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. त्यातून पुढे केएबीसी या स्थानिक केंद्रावर 'द व्हॅम्पायरा शो' सुरू झाला. ॲडम्स यांची नक्कल होऊ नये म्हणून नुर्मी यांनी पात्रात बदल केले. अतिशय कृश कंबर, लांब नखे, कमानदार भुवया आणि मादक पण थंड आवाज ही व्हॅम्पायराची वैशिष्ट्ये ठरली.

कार्यक्रमाच्या आरंभी व्हॅम्पायरा धुक्याने भरलेल्या मार्गिकेतून सावकाश चालत येई, कॅमेऱ्याजवळ पोहोचताच किंकाळी फोडी आणि नंतर जणू काही विशेष घडलेच नाही अशा शांतपणे बोलू लागे. 'लाइफ' नियतकालिकाने १९५४ मध्ये तिची छायाचित्रे प्रसिद्ध केल्यावर लॉस एंजेलिसबाहेर कोणालाही न दिसणारा हा कार्यक्रम देशभर चर्चेत आला.

कार्यक्रम एप्रिल १९५५ मध्ये बंद झाला. पात्राचे हक्क वाहिनीला देण्यास नुर्मी यांनी नकार दिला, हे त्यामागील कारण असल्याचे सांगितले जाते. हक्क त्यांच्याकडे राहिले, परंतु काम मिळेनासे झाले. एड वुड दिग्दर्शित 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस' या चित्रपटात त्यांनी संवाद नसलेली भूमिका केली. पुढे उपजीविकेसाठी त्यांनी घरांत लिनोलियमची फरशी बसवण्याचे काम केले आणि १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये जुन्या वस्तूंचे दुकानही चालवले.

'शॉक' संच आणि प्रथेचा प्रसार

व्हॅम्पायराच्या काळात मोठ्या चित्रपटसंस्था आपले जुने चित्रपट दूरचित्रवाणीस देण्यास फारशा उत्सुक नव्हत्या. त्यामुळे तिच्या वाट्याला बहुधा लहान निर्मात्यांचे कमी खर्चाचे चित्रपट आले. १९५७ मध्ये ही स्थिती बदलली. कोलंबिया पिक्चर्सच्या दूरचित्रवाणी शाखेने, म्हणजे स्क्रीन जेम्सने, युनिव्हर्सल या संस्थेच्या १९४८ पूर्वीच्या चित्रपटांच्या प्रक्षेपणाचे हक्क मिळवले. त्यांतील ५२ चित्रपटांचा 'शॉक' नावाचा संच ऑक्टोबर १९५७ पासून स्थानिक केंद्रांवर दिसू लागला. बेला लुगोसी यांचा 'ड्रॅक्युला', बोरिस कार्लोफ यांचे 'फ्रँकेन्स्टाइन' (१९३१) आणि 'द ममी' (१९३२), क्लॉड रेन्स यांचा 'द इन्व्हिजिबल मॅन' (१९३३) आणि लॉन चेनी (धाकटे) यांचा 'द वुल्फ मॅन' हे चित्रपट त्यात होते. १९५८ मध्ये 'सन ऑफ शॉक' हा २० चित्रपटांचा दुसरा संच आला.

हा संच विकताना वितरकांनी केंद्रांना स्थानिक निवेदक नेमण्यास प्रोत्साहन दिले. ज्या मुलांच्या जन्माआधी हे चित्रपट चित्रपटगृहांतून गेले होते, त्या मुलांनी ते प्रथमच घरी पाहिले. १९५८ मध्ये प्रकाशक जेम्स वॉरन आणि संपादक फॉरेस्ट जे. ॲकरमन यांनी 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड' हे मासिक सुरू केले. १९६२ च्या ऑक्टोबरात बॉबी पिकेट यांचे 'मॉन्स्टर मॅश' हे विनोदी गीत अमेरिकेत लोकप्रियतेच्या यादीत अग्रस्थानी पोहोचले. १९६४ मध्ये 'द मन्स्टर्स' आणि 'द ॲडम्स फॅमिली' या विनोदी मालिका आल्या. राक्षसांविषयीच्या या नव्या आवडीला 'शॉक' संच आणि त्याचे सूत्रधार यांनी चालना दिली.

प्रमुख सूत्रधार

झॅकर्ली
जॉन झॅकर्ली (१९१८–२०१६) यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून इंग्रजी साहित्याची पदवी घेतली होती. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात होते. फिलाडेल्फियाच्या डब्ल्यूसीएयू केंद्रावरील एका काउबॉय मालिकेत त्यांनी अंत्यविधी करणाऱ्या व्यावसायिकाची भूमिका केली होती. त्याच भूमिकेतील लांब काळा कोट घालून ७ ऑक्टोबर १९५७ रोजी ते 'रोलंड' या नावाने पडद्यावर आले. रोलंडची पत्नी शवपेटीत असे. ती कधी दिसत नसे आणि तो तिला फक्त 'माय डिअर' म्हणत असे. फुलकोबीच्या गड्ड्याला मेंदू मानून त्यावर शस्त्रक्रिया करणे हा त्याचा गाजलेला प्रयोग होता. चित्रपट ऐन रंगात आला असता क्षणभर रोलंडचे दृश्य मध्येच दाखवण्याची युक्तीही येथे लोकप्रिय झाली.

१९५८ मध्ये ते न्यू यॉर्कच्या डब्ल्यूएबीसी केंद्रावर गेले. तेथे रोलंड हे नाव मागे पडले आणि आडनावाच्या इंग्रजी वर्णलेखनात एक अक्षर वाढवून ते स्वतःच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. त्याच वर्षी त्यांचे 'डिनर विथ ड्रॅक' हे ध्वनिमुद्रित गीत अमेरिकेत पहिल्या दहांत पोहोचले. १९६० मध्ये त्यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी विनोदी 'प्रचारमोहीम' चालवली.

गुलार्डी
अर्नी अँडरसन यांनी ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथे डब्ल्यूजेडब्ल्यू केंद्रावर १९६३ ते १९६६ या काळात 'गुलार्डी' हे पात्र सादर केले. खोटी दाढी आणि एक काच नसलेला चष्मा हा त्याचा वेष होता. तो चित्रपटाची भलामण करत नसे. उलट चित्रपट भिकार आहे, झोपून जावे, असे प्रेक्षकांना सांगे. थेट प्रक्षेपणात तो फटाके फोडी. शेजारच्या पार्मा या उपनगराची त्याने इतकी टिंगल केली की तेथील प्रतिनिधींनी केंद्राकडे तक्रार केली. अँडरसन यांचे पुत्र, दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसन यांनी आपल्या निर्मितीसंस्थेस 'गुलार्डी फिल्म कंपनी' असे नाव दिले आहे.

चिली बिली
बिल कार्डिल यांनी पिट्सबर्गमध्ये १९६३ पासून दोन दशके 'चिलर थिएटर' सादर केले. याच परिसरात चित्रित झालेल्या जॉर्ज रोमेरो यांच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) या चित्रपटात ते वार्ताहराच्या भूमिकेत दिसतात. या चित्रपटाचे नाव प्रदर्शनापूर्वी बदलताना प्रताधिकाराची सूचना वगळली गेली. तत्कालीन कायद्यानुसार अशी सूचना आवश्यक असल्याने चित्रपट प्रताधिकारमुक्त झाला. परिणामी कोणतेही केंद्र तो विनामूल्य दाखवू शकत असे आणि तो भयपट सूत्रधारांच्या नेहमीच्या साठ्यातील एक चित्रपट बनला.

बॉब विल्किन्स
सर्वच सूत्रधार वेषधारी नव्हते. कॅलिफोर्नियातील ओकलंड येथील केटीव्हीयू केंद्रावर १९७१ पासून 'क्रीचर फीचर्स' सादर करणारे बॉब विल्किन्स साधा सूट घालून, हातात सिगार घेऊन झुलत्या खुर्चीत बसत. आजचा चित्रपट किती सामान्य आहे, हे ते शांत स्वरात सांगत. १९७९ मध्ये त्यांची जागा जॉन स्टॅनली यांनी घेतली.

स्वेनगुली
शिकागोच्या डब्ल्यूएफएलडी केंद्रावर १९७० मध्ये जेरी जी. बिशप यांनी 'स्वेनगुली' हे पात्र आणले. रिच कोझ हा विद्यार्थी त्यांना विनोद लिहून पाठवत असे. पुढे तो बिशप यांच्यासाठी लिहू लागला. मूळ कार्यक्रम १९७३ मध्ये थांबला. बिशप यांच्या संमतीने कोझ १९७९ मध्ये 'सन ऑफ स्वेनगुली' म्हणून पडद्यावर आले. १९९० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी पुनरागमन केले, तेव्हा आता तू 'मुलगा' राहिला नाहीस असे म्हणून बिशप यांनी त्यांना मूळ नाव वापरण्यास सांगितले. २०११ पासून हा कार्यक्रम मीटीव्ही या वाहिनीवर देशभर दिसू लागला. उंच टोपी, रंगवलेला चेहरा आणि प्रत्येक फसलेल्या विनोदानंतर सूत्रधारावर फेकल्या जाणाऱ्या रबरी कोंबड्या ही त्याची ओळख आहे.

एल्व्हायरा
लॉस एंजेलिसच्या केएचजे केंद्राने १९८१ मध्ये 'व्हॅम्पायरा'चे पुनरुज्जीवन करण्याचे ठरवले आणि मायला नुर्मी यांना त्यात सहभागी करून घेतले. मतभेदांमुळे नुर्मी बाहेर पडल्या. नव्या भूमिकेसाठी निवडलेल्या कॅसँड्रा पीटरसन यांचे पात्र मग 'एल्व्हायरा' या नावाने 'मूव्ही मकाब्र' या कार्यक्रमात आले. उंच काळा केशसंभार, काळा तंग पोशाख आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणींची बोलण्याची ढब यांमुळे एल्व्हायरा देशभर प्रसिद्ध झाली. १९८८ मध्ये 'एल्व्हायरा: मिस्ट्रेस ऑफ द डार्क' हा चित्रपट आला.

पात्रांच्या मालकीचा प्रश्न

एल्व्हायरा हे आपल्या पात्राचे अनुकरण आहे, असा दावा नुर्मी यांनी न्यायालयात केला. निकाल पीटरसन यांच्या बाजूने लागला. प्रतिमा वापरणे म्हणजे त्या व्यक्तीचे प्रत्यक्ष रूप वापरणे. केवळ तिच्यासारखे दिसणे पुरेसे नाही, असे न्यायालयाने म्हटले. नुर्मी यांनी स्वतःही आपले पात्र ॲडम्स यांच्या व्यंगचित्रांवरून प्रेरणा घेऊन घडवले होते, त्यामुळे प्रेरणा आणि नक्कल यांतील सीमारेषेचे उदाहरण म्हणून या वादाचा उल्लेख केला जातो.

याउलट अन्य शहरांत पात्रांचा वारसा संमतीने पुढे गेल्याचे दिसते. शिकागोमधील बिशप व कोझ यांचे उदाहरण वर आले आहे. क्लीव्हलँडमध्ये गुलार्डीच्या कार्यक्रमात उमेदवारी केलेल्या रॉन स्वीड यांनी अँडरसन यांच्या अनुमतीने १९७१ मध्ये 'द घूल' हे तशाच वेषातील पात्र सुरू केले. केंद्राकडे असलेल्या हक्कांमुळे त्यांना जुने नाव मात्र वापरता आले नाही. संमती असो वा नसो, ज्याने पात्र घडवले त्याच्याकडे ते राहीलच याची शाश्वती या व्यवसायात नव्हती.

हॅलोविनशी संबंध

हॅलोविन हा ३१ ऑक्टोबर रोजी साजरा होणारा सण आयरिश आणि स्कॉटिश स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत रुजला. भयपट सूत्रधारांचे कार्यक्रम वर्षभर चालत असले, तरी ऑक्टोबर महिना त्यांचा मुख्य हंगाम ठरला. या काळात विशेष भाग, अनेक चित्रपटांच्या सलग मालिका, मिरवणुका आणि दुकानांतील भेटी असे उपक्रम होत. दक्षिण कॅलिफोर्नियातील नॉट्स बेरी फार्म या मनोरंजन उद्यानात १९७३ मध्ये हॅलोविन महोत्सव सुरू झाला. त्याच्या प्रारंभीच्या वर्षांत 'सिनिस्टर सीमोर' हे पात्र करणारे सूत्रधार लॅरी व्हिन्सेंट तेथे होते. १९८० च्या दशकापासून एल्व्हायराचे रंगमंचीय प्रयोग तेथे गाजले. त्यांतील अखेरचा २०१७ मध्ये झाला. साप्ताहिक कार्यक्रम बंद पडल्यावरही अनेक सूत्रधार वर्षातून एकदा, ऑक्टोबरात, लोकांच्या स्मरणात परतत राहिले. झॅकर्ली यांचे निधनही २७ ऑक्टोबर २०१६ रोजी, हॅलोविनच्या चार दिवस आधी झाले.

ऱ्हासाची कारणे

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून या प्रथेस ओहोटी लागली. ऑक्टोबर १९७५ मध्ये एनबीसीवर 'सॅटरडे नाइट लाइव्ह' सुरू झाल्याने शनिवारी रात्रीची वेळ स्थानिक केंद्रांच्या हातून निसटू लागली. केबल वाहिन्या आणि घरगुती व्हिडिओ कॅसेट यांमुळे जुना चित्रपट पाहण्यासाठी मध्यरात्रीपर्यंत थांबण्याची गरज उरली नाही. १९८४ मध्ये जाहिरातींच्या वेळेवरील शासकीय मर्यादा उठवण्यात आली. त्यानंतर अर्ध्या तासाच्या सलग जाहिराती विकून केंद्रांना विनासायास उत्पन्न मिळू लागले. जी वेळ कोणालाच नको होती म्हणून सूत्रधारांच्या वाट्याला आली होती, तिला आता गिऱ्हाईक मिळाले.

जतनाचा प्रश्न

चुंबकीय चित्रफीत १९५६ मध्ये उपलब्ध झाली. पण ती महाग असल्याने स्थानिक केंद्रे तीच फीत पुसून पुन्हा वापरत. त्याआधी प्रक्षेपण जतन करण्याचा मार्ग म्हणजे पडद्यासमोर कॅमेरा ठेवून त्याचे चित्रण करणे. हा खर्च शनिवारच्या मध्यरात्रीच्या विनोदी कार्यक्रमासाठी क्वचितच केला जाई. 'द व्हॅम्पायरा शो'चा एकही संपूर्ण मूळ भाग आज उपलब्ध नाही. केवळ काही तुकडे शिल्लक आहेत. गुलार्डीचेही थोडेच अंश उरले आहेत. त्यामुळे अभ्यासकांना छायाचित्रे, वृत्तपत्रांतील मजकूर, प्रेक्षकांनी घरी केलेली ध्वनिमुद्रणे आणि आठवणी यांवर अवलंबून राहावे लागते.

'अमेरिकन स्केरी' (२००६) हा या परंपरेवरील माहितीपट आहे, तर 'व्हॅम्पायरा अँड मी' (२०१२) या आर. एच. ग्रीन यांच्या माहितीपटात नुर्मी यांच्या मुलाखतीबरोबर उर्वरित चित्रणाचा उपयोग केलेला आहे.

प्रभाव आणि आजची स्थिती

कॅनडातील 'एससीटीव्ही' या विनोदी कार्यक्रमात जो फ्लॅहर्टी यांनी साकारलेले 'काउंट फ्लॉइड' हे पात्र भयपट सूत्रधारांचे विडंबन आहे. 'फ्राइट नाइट' (१९८५) या चित्रपटात रॉडी मॅकडॉवल यांनी नोकरी गमावलेल्या अशाच एका सूत्रधाराची भूमिका केली. पीटर व्हिन्सेंट हे त्याचे नाव पीटर कुशिंग आणि व्हिन्सेंट प्राइस या भयपटांतील अभिनेत्यांवरून घेतले आहे. टिम बर्टन यांच्या 'एड वुड' (१९९४) या चित्रपटात लिसा मरी यांनी व्हॅम्पायराची भूमिका केली. मिनियापोलिसमधील स्थानिक केंद्रावर १९८८ मध्ये सुरू झालेल्या 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' या कार्यक्रमात चित्रपट चालू असताना त्यावर सलग शेरेबाजी केली जाई. तीही याच परंपरेची शाखा मानता येते.

वॉशिंग्टन येथे १९७३ पासून 'काउंट गोर डी व्हॉल' हे पात्र करणारे डिक डायझेल यांनी १९९८ मध्ये आपला कार्यक्रम आंतरजालावर नेला. 'मॉन्स्टरव्हिजन' (१९९६–२०००) या कार्यक्रमाचे सूत्रधार जो बॉब ब्रिग्ज २०१८ मध्ये शडर या ऑनलाइन सेवेवर 'द लास्ट ड्राइव्ह-इन' घेऊन परतले. पहिल्याच रात्री इतके प्रेक्षक एकाच वेळी आले की सेवा कोलमडली. हवा तो चित्रपट हव्या त्या क्षणी पाहता येत असतानाही ठरलेल्या रात्री, ठरलेल्या वेळी, कोणाच्या तरी सोबतीने भयपट पाहण्याची इच्छा टिकून असल्याचे त्यावरून दिसून आले.